पिकल्या केसांची शाळा

आपल्याकडे विद्येला वय आहे, अशी समजूत फार जुनी आहे. मुंजीपासून सोडमुंजीपर्यंत शिकावें, पुढें संसार करावा, आणि संसारांत जें कांहीं शिकावयाचें तें टक्केटोणपे खाऊन शिकावें, अशी कालविभागणी आमच्या पूर्वजांनीं करून ठेविली. आणि विद्यापीठांनीं मुंजीच्या जागीं प्रवेशपत्र व सोडमुंजीच्या जागीं पदवीदानसमारंभ ठेवून तीच विभागणी कायम केली. पदवीचा कागद एकदां चौकटींत बसून भिंतीवर गेला म्हणजे त्याच्याबरोबर विद्यार्थीहि भिंतीवर जातो. पुढें तो वाचतो तें वर्तमानपत्र, लिहितो ते अर्ज, आणि परीक्षा होते ती त्याच्या रक्ताची व साखरेची. अशा समाजांत पन्नाशी उलटलेल्या माणसाला ‘तुम्ही पुन्हां शाळेंत चला’ असें कोणी म्हटलें, तर त्याला तो आपला अपमान वाटावा यांत नवल नाहीं. आणि तो माणूस जर दलाल असला, तर जगाला हसण्यास दोन कारणें मिळतात: एक त्याचें वय, आणि दुसरें त्याचा धंदा.

ही प्रस्तावना करण्याचें कारण असें कीं, आमच्या महाराष्ट्रांत हा प्रयोग खरोखरीच झाला आहे. संसदेनें २०१६ सालीं स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम केला. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत त्यासाठीं एक नियामक प्राधिकरण स्थापन झालें. लोक त्याला ‘महारेरा’ म्हणतात. या कायद्यान्वयें, नोंदणीकृत गृहप्रकल्पांतील घरें विकून देणाऱ्या एजंटास स्वतःचीहि नोंदणी करणें भाग पडलें. तेवढ्यावर न थांबतां १० जानेवारी २०२३ रोजीं प्राधिकरणानें आज्ञा काढली कीं, एजंट नवा असो कीं जुना, प्रत्येकानें २० तासांचें शिक्षण घ्यावें, परीक्षा द्यावी आणि उत्तीर्ण झाल्याचें प्रमाणपत्र दाखवावें. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजीं झाली. जुन्या एजंटांना प्रथम १ सप्टेंबर २०२३ पर्यंत मुदत होती. ती वाढवून १ जानेवारी २०२४ करण्यांत आली. आणि तीहि टळून गेल्यावर सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी स्थगित झाली. त्यांपैकीं धंदा सोडून गेलेले किती आणि हट्टानें घरीं बसलेले किती, हा हिशेब निराळा. पण आंकडा लहान नव्हे.

या आज्ञेवर दोन बाजूंनीं दोन प्रकारचे टोमणे आमच्या कानांवर आले. एजंट म्हणत, ‘आम्हीं आजवर दोनशें घरें विकलीं, आतां आम्हांला शिकविणार कोण, आणि काय?’ आणि आमच्या सुशिक्षित शेजारपाजारांत असें म्हणत कीं, ‘यांना शिकवून काय होणार? आजवर ओबडधोबड फसवीत होते, आतां सफाईनें फसवितील.’ पहिल्याच्या मतें अनुभव आला कीं शिक्षणाची गरज सरली. दुसऱ्याच्या मतें स्वभाव बनला कीं शिक्षणाची शक्ति सरली. आमचा स्वतःचा धंदा शिकविण्याचा असल्यामुळें हे दोन्ही टोमणे थोडेबहुत आमच्याच अंगावर येतात, आणि म्हणून त्यांचा विचार करणें आम्हांस प्राप्त आहे.

आधीं या धंद्याकडे पाहूं. ‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यांनीं केली त्यांना घर बांधण्याचा त्रास ठाऊक होता. विकत घेण्याचा ठाऊक नव्हता. त्यांच्या काळीं जागा वडिलोपार्जित असे, दगड गांवच्या खाणींतला, लांकूड ओळखीच्या वखारींतलें आणि गवंडी पिढीजाद. फसवणूक झाली तरी फसविणाऱ्याचें घर आपल्या ओटीवरून दिसे. आज पुण्यामुंबईकडचा मध्यम स्थितींतला माणूस जें घर घेतो, तें पुष्कळदां त्यानें पाहिलेलेंच नसतें, कारण तें अजून हवेंत असतें. सातव्या मजल्यावरच्या ज्या खोलींत त्याची आई देवपूजा करणार, त्या ठिकाणीं तूर्त कावळे उडत असतात. असें हवेंतलें घर त्यानें घ्यावें आणि त्यासाठीं वीस वर्षें हप्ते भरण्याचें कबूल करावें, हें ज्याच्या शब्दावर घडतें तो मनुष्य म्हणजे दलाल. वकील भेटतो तो नंतर, बँकेचा अधिकारी भेटतो तो त्याच्याहि नंतर, आणि बिल्डर तर बहुधा दसऱ्याच्या जाहिरातींतच भेटतो. प्रत्यक्ष चिखल तुडवीत बरोबर येणारा, शाळा किती दूर आणि पाण्याचा टँकर आठवड्यांतून किती वेळां हें ज्याला विचारतां येतें, असा हा एकच. ‘कोळशाच्या दलालींत हात काळे’ असें म्हणून आपण त्याला बाजूस सारतों खरे. परंतु आयुष्यांतली सर्वांत मोठी खरेदी आपण त्याचाच हात धरून करतों, हें विसरतां येत नाहीं.

अशा माणसाला शिकण्यासारखें आहे तरी काय, असें ज्यांना वाटतें त्यांनीं एक साधा शब्द घ्यावा: क्षेत्रफळ. कायदा होण्यापूर्वीं एकाच घराचीं तीन क्षेत्रफळें बाजारांत चालत. एक कार्पेट, म्हणजे सतरंजी अंथरतां येईल तेवढें. दुसरें बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकट. आणि तिसरें सुपर बिल्ट-अप, ज्यांत जिना, लिफ्ट, दारापुढचा बोळ आणि तळमजल्यावरचा दिवाणखाना यांचाहि वांटा मिळविलेला असे. ज्या घरांत ५०० चौरस फुटांवर सतरंजी अंथरतां येई, तें ७०० फुटांचें म्हणून विकलें जाई. आणि मधले २०० फूट कांहीं जिन्यांत, कांहीं लिफ्टच्या विहिरींत, तर कांहीं नुसत्या विक्रेत्याच्या वक्तृत्वांत सांपडत. नव्या कायद्यानें कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्याच घालून दिली: घराचें आंतलें वापरण्याजोगें क्षेत्र; बाहेरच्या भिंती, नळांच्या व तारांच्या विहिरी, त्या घरापुरती असलेली बाल्कनी अगर व्हरांडा आणि उघडी गच्ची हीं त्यांत धरावयाचीं नाहींत; परंतु आंतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जागा मात्र धरावयाची. वाचावयास हें वाक्य रुक्ष आहे. पण मुंबईसारख्या शहरांत त्या वाक्यांतील एकेका शब्दाला लाखाची किंमत आहे. ज्या एजंटाला हा भेद कळला नाहीं, तो बाल्कनी घरांत मोजतो आणि गिऱ्हाइकाला तसें सांगतो. तो लबाड असतोच असें नाहीं. पण लबाड नसूनहि तो खोटें बोलतो. अज्ञानानें प्रामाणिक माणसाच्या तोंडून खोटें वदविलें जातें, ही गोष्ट आम्हांस या सर्व प्रकरणांत अत्यंत महत्त्वाची वाटते.

पैशाच्या बाबतींतहि तसेंच. करार लेखी होऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरानें किमतीच्या शेंकडा १० पेक्षां अधिक रक्कम घ्यावयाची नाहीं. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकीं शेंकडा ७० निराळ्या खात्यांत ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावयाचे. ताबा दिल्यापासून पांच वर्षांत रचनेंत दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून द्यावयाचा. हे नियम ज्याला ठाऊक आहेत तो एजंट, ‘साहेब, आज निम्मी रक्कम भरा, म्हणजे भाव बांधून मिळेल’ असें ऐकल्यावर सावध होतो. ज्याला ठाऊक नाहींत तो तेंच वाक्य गिऱ्हाइकाच्या कानांत भरतो. आणि तो स्वतःहि मोकळा राहत नाहीं. कायदा मोडणाऱ्या एजंटाला दिवसाला १०,००० रुपये आणि एकंदर त्या घराच्या किमतीच्या शेंकडा ५ पर्यंत दंड होऊं शकतो. शेंकडा एक अगर दोन दलाली घेऊन शेंकडा पांच दंड देणें, हा व्यवहार कोणत्याहि पंतोजीच्या गणितांत बसणार नाहीं.

याच्याहि खालीं जमिनीचा विषय आहे, आणि तो तर समुद्र आहे. सातबारा हा शब्द महाराष्ट्रांत शेंबड्या पोरालाहि येतो. पण गांवनमुना सात हा हक्काचा व बारा हा पिकांचा, दोन्ही एका कागदावर आले म्हणून तो सातबारा, आणि त्या कागदावरचा प्रत्येक बदल फेरफाराच्या नोंदवहींतून येतो, एवढें सांगणारे सुशिक्षितहि थोडेच. सातबारावर नांव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, अशी आपली गोड समजूत असते. न्यायालयें मात्र वारंवार सांगत आलीं आहेत कीं, महसुलाच्या नोंदीनें सारा कोणी भरावा हें ठरतें, मालकी उत्पन्न होत नाहीं. ‘इतर हक्क’ या रकान्यांत कुळाचें नांव आहे कीं सोसायटीच्या कर्जाचा बोजा, जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ ची असून सरकारी परवानगीशिवाय विकतां येते कीं नाहीं, हें सारें त्या एका पानावर बारीक अक्षरांत असतें. जुना एजंट हे शब्द तीस वर्षें ऐकत असतो. ते त्याला इतके परिचयाचे झालेले असतात कीं, त्यांना कांहीं अर्थ आहे हेंच तो विसरून जातो. देवळांत रोज घंटा वाजविणाऱ्याला घंटेवरचा लेख दिसत नाहीं, तसेंच हें.

येथें अनुभवाविषयीं चार शब्द बोलले पाहिजेत. अनुभव हा मोठा गुरु खरा. पण त्याची एक खोड आहे. जें घडलें तेवढेंच तो शिकवितो, आणि घडलें त्याचें कारण सांगत नाहीं. एखाद्यानें दोनशें घरें विकलीं आणि त्यांपैकीं एकावरहि दावा झाला नाहीं, तर तो म्हणतो कीं, कागद तपासण्याची फारशी गरज नसते. वास्तविक त्याचा अनुभव एवढेंच सांगतो कीं, दोनशें वेळां दैव अनुकूल होतें. पुष्कळ वर्षें मुखत्यारपत्रावर घरें व भूखंड विकण्याची चाल अनेक ठिकाणीं होती. सगळे करीत, म्हणून तें पक्कें वाटे. २०११ सालीं सुरज लँप या कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, अशा मुखत्यारपत्रानें मालकी जात नाहीं. ती रीतसर नोंदलेल्या खरेदीखतानेंच जाते. त्या दिवशीं हजारोंचा अनुभव एका बाजूला आणि १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा दुसऱ्या बाजूला, असा सामना होऊन अनुभव हरला. घाण्याचा बैलहि दिवसभर पुष्कळ कोस चालतो. पण संध्याकाळीं त्याचीं झापडें काढलीं म्हणजे तो सकाळच्याच जागीं उभा असतो. हें केवळ दलालांनाच लागू आहे असें नव्हे. अध्यापकांत, वैद्यांत, वकिलांत असे बैल पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घाण्याला अधिक किमती लांकूड वापरलेलें असतें इतकाच फरक.

तेव्हां पहिल्या टोमण्याचें उत्तर मिळालें: अनुभव असला तरी शिकण्यासारखें पुष्कळ उरतें. परंतु दुसरा टोमणा इतका सोपा नाहीं. माहिती शिकवितां येईल. सचोटी शिकवितां येते काय?

या प्रश्नाचा खरा तोंडवळा आम्हांस दिसला तो अशाच एका वर्गांत. आम्ही अर्थशास्त्र शिकवितों, आणि करारनामा कसा वाचावा याविषयीं अनुभवी एजंटांपुढें दोन तास बोलण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. कॉलेजांतील मुलांपुढें बोलण्यांत एक सोय असते: आपण सांगतों त्याविरुद्ध बोलावयास त्यांच्यापाशीं अजून आयुष्यच नसतें. येथें तसें नव्हतें. समोर बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. आपल्याच वसाहतींतलीं घरें भाड्यानें लावून देणाऱ्या एक बाई होत्या. दोन दोन फोन उलटे घालून ठेवलेले तरुण होते. आणि दोरीला चष्मा अडकविलेले, साठी केव्हांच उलटलेले एक काका पुढच्या बाकावर होते. कायदा एजंटाला खोटें विधान करण्याची मनाई करतो, हें आम्हीं सांगितल्यावर काका उठले.

‘सर, खोटें बोलूं नये हें कबूल. पण माझी दलाली घर विकलें तरच मिळते. ‘हें घर घेऊं नका’ असें मीं गिऱ्हाइकाला सांगितलें, तर त्याबद्दल मला कोण काय देणार? वकिलाला ‘घेऊं नका’ म्हटल्याबद्दलहि फी मिळते. डॉक्टरला ‘तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं’ म्हटल्याबद्दलहि मिळते. खरें बोलून ज्याचें पोट भरत नाहीं असा मीच एकटा.’

आम्ही उत्तर देण्यापूर्वींच त्या बाई म्हणाल्या, ‘काका, मी घर दाखवायच्या आधींच त्याचे दोष सांगते. पश्चिमेचें ऊन येतें, वरच्या मजल्याचा नळ गळतो, सगळें. दहांतले चार निघून जातात. पण राहिलेले सहा पुढें आपले नातेवाईक माझ्याकडे पाठवितात.’ त्यावर मागचा एक तरुण म्हणाला, ‘ताई, तें तुमच्या वसाहतींत चालतें, तुम्ही तिथेंच राहतां. आम्हांला महिन्याला इतकीं घरें विकलींच पाहिजेत असा आंकडा बांधून दिलेला असतो. चार गेले तर पुढच्या महिन्यांत आम्हीच गेलों.’ आणि मग वर्ग पेटला. आम्हीं खडू खालीं ठेवला आणि अर्धा तास नुसते ऐकत बसलों. लबाडीचें समर्थन कोणीच करीत नव्हतें. खरेपणा परवडण्यास काय काय लागतें, याचा हिशेब चालला होता. ओळखीच्या वस्तींत तो परवडतो, अनोळखी गर्दींत परवडत नाहीं; धिम्या धंद्यांत परवडतो, आंकडा गांठावयाच्या घाईंत परवडत नाहीं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून हें सांगावयास आम्हांला तीन व्याख्यानें लागलीं असतीं.

अनुभवी माणसाला शिकविण्याची रीति ही अशीच असावी, हें अमेरिकेंत फार पूर्वीं ओळखलें गेलें. योगायोग असा कीं, १९०८ या एकाच सालीं तीन गोष्टी झाल्या. हिंदुस्थानांत दस्तऐवजांच्या नोंदणीचा कायदा झाला, जो आपल्या खरेदीखतांना अजून पुरतो. शिकागो येथें जमीनजुमल्याच्या दलालांनीं आपली राष्ट्रीय संस्था काढली. आणि हार्वर्ड विद्यापीठांत व्यापाराची शाळा निघाली. त्या शाळेनें कायद्याच्या वर्गांतून एक पद्धति उचलली: सिद्धान्त सांगावयाचा नाहीं, खरोखर घडलेलें एक प्रकरण पुढें ठेवावयाचें आणि ‘तुम्ही त्या जागीं असतां तर काय केलें असतें?’ असें विचारावयाचें. १९४५ सालीं तिनें, धंद्यांत मुरलेल्या लोकांसाठीं, निराळा अभ्यासक्रम सुरू केला. आणि पुढें त्याच विद्यापीठाच्या वास्तुरचनेच्या शाळेनें स्थावर मालमत्तेच्या धंद्यांतल्या जुन्या जाणत्यांसाठींहि तसा चालविला. अनुभवी विद्यार्थ्याचें भांडें रिकामें नसतें. त्यांत ओतूं गेल्यास बाहेरच सांडतें. त्याच्या अनुभवावर दुसऱ्याचा अनुभव घांसावा लागतो. ठिणगी पडली तर तेथेंच पडते.

परंतु याच अमेरिकेच्या उदाहरणांत एक कटु धडाहि आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शिकागोच्या त्या संस्थेनें १९१३ सालीं आपल्या सभासदांसाठीं नीतिनियम केले. धंद्यानें स्वतः होऊन स्वतःला बंधन घालून घ्यावें, ही गोष्ट केव्हांहि स्तुत्य. पण १९२४ सालीं त्या नियमांत एक कलम आलें. त्याचा आशय असा कीं, ज्या वंशाच्या अगर राष्ट्राच्या लोकांच्या येण्यानें वस्तींतील मालमत्तेचे भाव उतरतील, त्यांना त्या वस्तींत आणण्यास सभासदानें कारण होऊं नये. म्हणजे काळ्या माणसाला गोऱ्या वस्तींत घर दाखविणें हा एजंटाचा नैतिक अपराध ठरला! वंशाचा तो उल्लेख १९५० सालीं गळला. घरांच्या बाबतींतील असा भेदभाव कायद्यानें निषिद्ध झाला तो १९६८ सालीं. आणि संस्थेच्या अध्यक्षांनीं या इतिहासाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२० सालीं. तें कलम ज्यांनीं लिहिलें ते अडाणी नव्हते. धंद्यांतले अग्रगण्य आणि प्रतिष्ठित लोक होते. शिक्षण, संस्था आणि नीतिनियम हीं तिन्ही असूनहि नीति उलटी होऊं शकते. कारण गिऱ्हाइकाला जें हवें असतें तेंच धंदा शेवटीं शिकतो.

आमच्या वर्गांतल्या काकांनीं वर्ग सुटल्यावर जिन्यांत जें सांगितलें, तें ऐकतांना आम्हांला या कलमाची आठवण झाली. ते म्हणाले, ‘सर, वीस तासांत पुष्कळ शिकविलें, एक गोष्ट कोणी काढली नाहीं. भाड्याचें घर माझ्याकडे आलें कीं मालकाचा पहिला प्रश्न आडनांवाचा. दुसरा, घरांत काय शिजतें त्याचा. मी गिऱ्हाइकाला तें विचारलें नाहीं, तर किल्ली दुसऱ्या एजंटाकडे जाते. विचारलें तर समोरच्या पोराचा चेहरा उतरतो, तो मलाच पाहावा लागतो. हें मी कोणत्या परीक्षेंत लिहूं?’

वाचकांनीं क्षणभर विचार करावा कीं, हे मालक कोण? ते कोणी पेंढारी नव्हेत. ते तुमच्याआमच्यासारखे पदवीधर, ग्रंथालयाचे वर्गणीदार, व्याख्यानमालेंत पुढच्या रांगेंत बसणारे लोक आहेत. आपण तोंडानें समतेवर बोलतों आणि आडनांव विचारण्याचें काम दलालाकडे सोपवितों. कारण आपले हात स्वच्छ राहावे, असें आपल्याला वाटतें. कोळशाच्या दलालींत हात काळे होतात हें खरें. पण कोळसा कोणाच्या चुलींत जळतो, हेंहि पाहावयास नको काय? नवा कायदा नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीवर नजर ठेवतो. भाड्याचा आणि जुन्या घरांच्या फेरविक्रीचा मोठा व्यवहार बहुतांशीं त्याच्या नजरेबाहेर आहे. तेथें एजंटाचा शिक्षक एकच, तो म्हणजे गिऱ्हाईक. आणि त्या शिक्षकाला कसलीच परीक्षा नाहीं.

विक्रींतहि निराळें काय होतें? आपण एजंटाला विचारतों, भाव किती कमी होईल; रोख किती चालेल; ताबा दिवाळीपूर्वीं मिळेल का; दोन वर्षांत किंमत किती चढेल. ‘या घरांत दोष काय?’ असें विचारणारा विरळा. आणि एखाद्यानें आपण होऊन दोष सांगितला, तर ‘याला धंदा कळत नाहीं’ असें म्हणून आपण दुसऱ्याकडे जातों. गोड बोलणारा दलाल हें आपण वर्षानुवर्षें पाण्याऐवजीं साखरपाणी घालून वाढविलेलें झाड आहे. त्याला कडू फळ आलें म्हणून आपण रडतों.

तरीहि वीस तासांच्या त्या शिक्षणाला आम्ही निरर्थक म्हणणार नाहीं. वीस वर्षांची संवय वीस तासांत जात नाहीं, हें उघड आहे. पण ज्या माणसानें पिकल्या केसांनीं पुन्हां वही उघडली, कलमें पाठ केलीं, आणि नातवाच्या वयाच्या पोरांशेजारीं बसून परीक्षा दिली, त्यानें एक गोष्ट निश्चित मान्य केली: आपला धंदा शिकण्यासारखा आहे, म्हणजेच तो नुसता हातचलाखीचा नाहीं. आपल्या कामाविषयींचा हा आदर हेंच सचोटीचें पहिलें बीज होय. जो आपल्या धंद्याला क्षुद्र समजतो, तो त्यांत क्षुद्रपणें वागावयास मोकळा असतो. आणि समाजानें एखाद्याच्या धंद्याला सतत क्षुद्र म्हटलें, तर त्यानें तसें वागण्याची परवानगीच त्याला दिली असें होतें. त्या दृष्टीनें आमच्या शेजाऱ्यांचा टोमणा हा निदान नसून रोगाचेंच एक कारण आहे.

आमची सूचना एवढीच आहे कीं, परीक्षा झाली म्हणजे शाळा संपली असें होऊं नये. शहरांतल्या एजंटांनीं दर तीन महिन्यांनीं एकदां जमावें. बिघडलेलें एखादें खरें प्रकरण, नांवें वगळून, मध्यें ठेवावें. आणि त्या बाईंच्या, त्या तरुणाच्या व त्या काकांच्या सारख्यांनीं त्यावर मोकळेपणानें भांडावें. खरें बोलणाऱ्याचें पोट कसें भरेल, हा काकांचा प्रश्नहि तेथेंच सुटेल तर सुटेल. घर विकलें नाहीं तरी कागद तपासून दिल्याबद्दल, दोष दाखविल्याबद्दल ठराविक मोबदला घेण्याची चाल पडली, तर वकिलाची व डॉक्टरची प्रतिष्ठा या धंद्यालाहि येण्यास अडचण नाहीं. पण तो मोबदला देणारा कोणी पाहिजे. ‘घेऊं नका’ या दोन शब्दांनीं आपली आयुष्याची पुंजी वांचली, म्हणून त्या शब्दांची किंमत आनंदानें मोजणारें गिऱ्हाईक अजून तयार व्हावयाचें आहे, आणि त्याच्यासाठीं सरकारनें अद्याप वर्ग काढलेला नाहीं. एजंटाचें प्रमाणपत्र त्याच्या कचेरींत टांगलें गेलें, ठीक झालें. त्याच्या अभ्यासक्रमाचा उरलेला अर्धा भाग तुमच्याआमच्या दिवाणखान्यांतच पुरा व्हावयाचा आहे.